जिना, माळा, बळद : लहानपणी घरातल्या कुठल्या जागेची भीती वाटायची?

माजघर

पुण्यातल्या पेठांमधले जुने वाडे एकेक करत पडताहेत. त्यांच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण चौक, तुळशीवृंदावन, नक्षीचे खांब याबद्दल लिहितात. वाड्यात वाढलेल्या पोराला विचारा, त्याला आधी जिना आठवेल.

आमचा जिना भिंतीच्या पोटात होता. तळमजल्याची भिंत इतकी जाड, की तिच्यातूनच एका माणसापुरती वाट वर काढलेली. पायऱ्या वीतभर उंच आणि रुंदीला तळपायाहून कमी. धरायला वरून सोडलेला दोर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. खालच्या काही पायऱ्यांवर चौकातला उजेड, वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर दिवाणखान्यातला. मधे वळण, आणि तिथे भर दुपारीही काळोख. जिन्याच्या तोंडाशी वर लाकडी झडप होती. रात्री ती पाडली की वरचा मजला बंद. चोरांपासून संरक्षण म्हणून ती केलेली. पण आम्हा मुलांना पक्कं ठाऊक होतं की आपण वळणावर असतानाच कोणीतरी ती वरून पाडणार.

दिवेलागणीला आजी वरून काहीतरी आणायला पाठवायची. चढताना भीती कमी, कारण समोर उजेड असायचा. उतरताना पाठीमागचं सगळं अंगावर यायचं. वळणाच्या पायऱ्यांवर श्वास घ्यायचा नाही आणि मागे बघायचं नाही, हे नियम मला कोणी शिकवले नव्हते. चुलतभावाचेही नेमके हेच नियम होते, हे आम्हाला पन्नाशीला आल्यावर बोलता बोलता कळलं!

त्यात शनिवारवाडा जवळ. १७७३ च्या गणेशोत्सवात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, तेव्हाची ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून रात्री ऐकू येते, असं थोरली मुलं सांगायची. ती हाक आमच्याच जिन्यातून येते, अशी माझी खात्री होती.

तुमच्या घरात अशी जागा कुठली होती? नेमकी जागा सांगा. ‘लहानपणी मी भित्रा होतो’ एवढ्यावर थांबू नका. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही असं मला मनापासून वाटतं. मूल घर पायाखालून आणि पाठीमागून ओळखत असतं. मोठ्यांना जे दिसेनासं झालेलं असतं ते त्याला दिसत असतं.

गिरणगाव

वाड्यातल्या लोकांना निदान चौक होता. मी मुंबईतल्या बीडीडी चाळीतला. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. ज्यांनी आत पाऊल टाकलेलं नाही त्यांना वाटतं, चाळ म्हणजे बाहेरून मोकळी गॅलरी. बीडीडीत तसं नाही. इथे मधोमध बोळासारखा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. दारं लागली की पॅसेजला उजेड फक्त टोकांकडून. संडास सामाईक, म्हणजे रात्री उठलं की तो पॅसेज ओलांडणं आलंच. दिवे असायचे, पण एखादा फुटलेला, एखादा कोणी काढून नेलेला.

वडील गिरणीत होते. दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्रीनंतर जिना चढायचे. मी जागा असायचो. कोण चढतंय ते पायांवरून कळायचं : हा समोरच्या खोलीतला, हा लंगडत येतो तो वरच्या मजल्यावरचा, हे आमचे. ती पावलं आली की भीती जायची आणि मी झोपायचो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर रात्री जिन्यावर पावलंच वाजेनात. वडील रात्रंदिवस घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर झोपलेले, आणि तरी मला पॅसेजची भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. आधी तो रस्ता कामावरून परतणाऱ्या माणसांचा होता, तो रिकामा झाला. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांना तेव्हा झोप लागत नव्हती, हे मला अंधारातही कळायचं.

पागोळी

गिरणगावदादा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आमचं घर कुडाळजवळ. आमची जागा म्हणजे माळा. वर नारळ, जुने हारे, सुकवलेली आमसुलं, पावसाळ्यासाठी रचलेली सोडणं, म्हणजे नारळाची सालं. चढायला शिडी, तीही दिवसा काढून ठेवलेली. म्हणजे वर कोणी जाऊच शकत नाही, आणि रात्री वर कोणीतरी चालतंय! पावलं मांजराएवढी हलकी नाहीत, माणसाएवढी जड नाहीत. एकदम थांबणार, मग काहीतरी गडगडत जाणार.

आजी म्हणायची, “देवचार फिरता. तू निज.” तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नसायचा, त्यामुळे देवचार, म्हणजे गावाचा राखणदार मानलेला आत्मा, मला घरातल्याच वडीलधाऱ्या माणसासारखा वाटायचा. पुढे काकांनी बॅटरी मारून दाखवलं. कांडेचोर होता, म्हणजे उदमांजर. कोकणात कौलारू घरांच्या माळ्यावर सर्रास असतो, रात्रीच हिंडतो, फळं खातो. डोळे बॅटरीत असे चमकले की मी काकांच्या पाठीला चिकटलो. पण त्या रात्रीपासून आवाज आला की मी ‘आला वाटतं’ म्हणून कूस बदलायचो.

दाखवणारा माणूस पाहिजे. ‘काही नाहीये तिथे’ असं सांगून भीती जात नाही, कारण तिथे काहीतरी असतंच. पोराला ते ऐकू येत असतं.

नेत्रपल्लवी

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. पागोळी यांच्या ‘तिथे काहीतरी असतंच’ या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे म्हणून लिहिते.

मुलं सांगतात, “सरळ बघितलं की नसतं, दुसरीकडे बघितलं की बाजूला दिसतं.” मोठ्यांना हा बनाव वाटतो. पण ते मूल जे दिसतं तेच सांगत असतं. आपल्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे दाखवतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जिथे आपण रोखून पाहिलेली वस्तू उमटते, तिथे दंडपेशी नसतातच. म्हणून अंधुक उजेडात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं तर ती विरते आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा दिसते. आकाशातला फिका तारा पाहणारे लोक हेच करतात. आता कल्पना करा : खुंटीवर आजोबांचा कोट, दाराशी मिणमिणता झिरोचा बल्ब, आणि मूल त्या कोटाकडे बघतंय. बघितला की गायब, नजर वळवली की हजर. दुसरं काय समजेल ते?

अजून एक. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी दहाएक मिनिटांत जेवढ्या सरावायच्या तेवढ्या सरावतात, दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. माजघर यांच्या जिन्यात चौकातलं ऊन सोडून वळणापर्यंत जायला किती वेळ लागत असेल? काही सेकंद. तेवढ्या वेळात मुलाला खरोखरच काही दिसत नसतं. मोठ्यांनाही दिसत नाही, पण मोठ्यांना जिना पाठ असतो.

साधारण दोन-तीन वर्षांनंतर ही भीती सुरू होते, चार ते सहा या वयात जोरात असते आणि पुढे बहुतेकांची आपोआप ओसरते. ती कल्पनाशक्ती वाढल्याची खूण आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ मूल झोपतच नसेल, शौचाला जायचं टाळत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा.

माळवद

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे. आमच्याकडे दगडमातीची जाड भिंत, वर लाकडं आणि त्यावर मातीचं माळवद. आतल्या घराला खिडकी नाही, उजेड येणार तो छतातल्या सवण्यातून, म्हणजे झरोक्यातून. सूर्य फिरेल तसा उजेडाचा तुकडा जमिनीवरून सरकायचा आणि त्यावरून आजी वेळ सांगायची.

भीतीच्या जागा दोन. एक बळद, भिंतीला लागून बांधलेली धान्याची कोठी; ज्वारी काढायला आमच्यातल्या एखाद्या बारक्या पोराला आत उतरवायचे. दुसरी पेव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची साठवण, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. “पेवाकडं फिरकू नको, आत म्हातारी बसलीय, पाय धरती.” असं आम्हाला अगदी लहानपणापासून सांगितलेलं.

ही म्हातारी उगाच कोणी निर्माण केलेली नव्हती. बंद पेवात धान्य श्वास घेतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. झाकण काढल्या काढल्या उतरलेला माणूस वास नाही, धूर नाही, आणि तरी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. म्हणून जाणती माणसं झाकण काढून पेव उघडं ठेवायची आणि आधी कंदील सोडायची. कंदील विझला तर उतरायचं नाही. पाच वर्षांच्या पोराला हे कसं समजावणार? म्हातारी सांगितली की काम झालं. माझ्या मते त्या म्हातारीनं पोरं वाचवली.

आता दुसरं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारीच्या भूकंपात ज्या भिंतींनी आम्हाला उन्हापासून वाचवलं त्याच लोकांच्या अंगावर पडल्या. आमचं गाव थोडं लांब, आमचं घर तडे जाऊन उभं राहिलं. त्यानंतर कितीतरी महिने लहानथोर सगळे अंगणात, पत्र्याखाली झोपायचे. आतल्या घराला भिणारा मी एकटाच होतो, तो आता सगळं गाव माझ्यासारखं झालं. वडील दिवसासुद्धा आत जाताना उंबऱ्यावर क्षणभर थांबून वर बघायचे. मला तोवर वाटायचं, मोठी झालेली माणसं भीत नाहीत.

उंबरठा

माळवददादा, पेवाची माहिती मोलाची आहे. पण म्हातारीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे.

कंदील विझतो हे मुलाला दाखवता येतं. पाच वर्षांच्या मुलाला ते नक्की समजतं. उलट आयुष्यभर लक्षात राहतं. म्हातारीचं तसं नाही, ती पेवापुरती थांबत नाही. एकदा मोठ्यांच्या हाती आली की जेवत नाहीस, बोलावते म्हातारीला. रडतोस, बोलावते. झोपत नाहीस, टाकते बळदात. मग ती मुलाचं रक्षण करणारी राहत नाही, मोठ्यांचं काम हलकं करणारी होते.

आमच्या घरात जिन्याखाली एक खोली होती. तिरप्या छताची, कोळसा आणि तुटक्या पाळण्याची. मला तिथे कोंडायचे. कोण, ते लिहीत नाही. ती व्यक्ती आता नाही आणि बाकी माझ्यावर तिनं मायाही केली. बाहेरून कडी. डोक्यावरून जिन्यावर घरातली माणसं चढ-उतार करायची, पावलागणिक फळ्यांतून धूळ डोळ्यांत पडायची. मी आत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मला अंधाराची भीती तेवढी वाटली नाही, जेवढी त्या पावलांची वाटली. थांबत नसत ती.

आज साठी उलटली तरी मी न्हाणीघराला आतून कडी लावू शकत नाही. लिफ्टचं दार बंद झालं की हात थंड पडतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ बंद केला. घरातल्या कडीपर्यंत तो कायदा पोचत नाही. म्हणून ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना कळकळीनं सांगते, गमतीतसुद्धा मुलाला अंधारात बंद करू नका. दोन मिनिटं म्हणून नाही, हसत हसत म्हणून नाही.

माळवद

ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्या पोरांना म्हातारी पेवापाशी सोडून कुठे भेटली नाही, म्हणून मी तसं लिहू शकलो. दुसऱ्या घरांत काय व्हायचं ते आता आठवतंय. कंदील दाखवायला हवा होता.

नेत्रपल्लवी

उंबरठाताई, बंद दाराच्या या भीतीवर उपचार आहेत आणि साठीनंतरही त्यांचा उपयोग होतो. मानसतज्ज्ञ अगदी टप्प्याटप्प्यानं सराव करून घेतात : आधी दार नुसतं लोटायचं, मग थोडा वेळ लावायचं, आणि थांबवणं पूर्ण तुमच्या हातात. कृपया विचार करा. हवं तर निरोप पाठवा.

दादरकर_७१

मी वेगळाच अंधार पाहिला. डिसेंबर १९७१. तीन तारखेला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना काळे-खाकी कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले. कुठून फट दिसली की खालून वॉर्डनची आरोळी, “लाइट बंद करा!” आमच्या इमारतीचा जिना एरवी माझ्यासाठी संकट होता, कारण खाली मीटरची खोली होती आणि तिच्यातून गूं असा आवाज यायचा. पण भोंगा वाजला की सगळे बिऱ्हाडकरू त्याच जिन्याच्या तळाशी येऊन बसायचे. ठार काळोख. कोणी रामरक्षा म्हणतंय, कोणी तान्ह्याला थोपटतंय, कोणी ट्रान्झिस्टर कानाला लावून हळू आवाजात बातम्या सांगतंय. मी कोणाच्या मांडीवर बसलोय तेही दिसायचं नाही.

सोळा तारखेला युद्ध संपलं, दिवे लागले, आणि मला मीटरच्या खोलीची भीती उरली नाही. का, ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

शिवार

दादरकरकाका, आमच्या पिढीला हेच भारनियमनात मिळालं. २००५ नंतरची ती वर्षं, गावात तासन्‌तास वीज नसायची. लाइट गेली की घराघरांतून माणसं बाहेर ओट्यावर. आम्ही अंधारात लपाछपी खेळायचो. मजा म्हणजे इन्व्हर्टर घेतल्यावर आम्ही घरात बसायला लागलो, आणि धाकटा भाऊ तेव्हापासून माडीवर एकटा जाईना.

राजांगण

फोंड्याहून. आमच्या जुन्या घरात मधल्या राजांगणाभोवती सगळा उजेड, आणि त्याच्या मागे एक बिनखिडकीची खोली, बाळंतिणीची. वारा लागू नये म्हणून मुद्दाम तशी. एरवी रिकामी, दार लोटलेलं. आम्ही भावंडं तिच्यासमोरून धावत जायचो. आई एकदा म्हणाली, “अरे, तुम्ही सगळे तिथेच जन्मलात.” आम्ही चकितच झालो. धाकट्या बहिणीनं दार ढकललं, आत जाऊन उभी राहिली, बाहेर येऊन म्हणाली, “उबदार आहे.” मी मात्र नाही गेलो.

वाटसरू_टोरांटो

इथे बेसमेंट. वॉशिंग मशीन खाली, फर्नेस खाली, हिवाळ्यात तो मध्येच धडधडत सुरू होतो. माझी पाच वर्षांची मुलगी आमच्या जिन्यावरून एकटी खाली जात नाही. पायऱ्यांना मागे फळी नाही, मधून खालचं दिसतं. सासूबाई म्हणतात सवय होईल, नवरा म्हणतो दिवा लावून ठेवू. इतके अनुभव वाचले, आता कोणीतरी सांगा, नेमकं काय करू?

गवंडीकाम

मी वास्तुविशारद आहे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. टोरांटोताई, तुमची मुलगी जे सांगतेय ते आधी मोजून बघा.

वाड्याच्या पायरीची उंची वीतभर, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर. पाच वर्षांचं मूल साधारण ११० सेंटीमीटर. १६५ सेंटीमीटरच्या माणसाला त्याच प्रमाणात पायरी द्यायची तर ती ३४-३५ सेंटीमीटरची होईल. तुम्ही रोज अंधारात अशा जिन्यावरून हातात तेलाची बाटली घेऊन उतरून दाखवा! आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत आता घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटीमीटर उंच आणि किमान २५ सेंटीमीटर रुंद सांगितली आहे. तीसुद्धा मुलासाठी मोठीच. त्यात पायऱ्यांवरून एकाआड एक पाय टाकत उतरणं मुलांना चौथ्या वर्षाच्या सुमाराला जमायला लागतं. म्हणजे तुमच्या मुलीला ही विद्या येऊन जेमतेम वर्ष झालंय.

रात्री जिना आपोआप वाजतो, तेही खरंच. दिवसा तापलेलं लाकूड रात्री आकसतं, सांधे सुटे होतात, दिवसभर दबलेली फळी परत जागेवर येते. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि आवाज बदलतो. वाड्याच्या मालकांना मी हे सांगतो तेव्हा सत्तरीचे आजोबासुद्धा सुटकेचा श्वास टाकताना पाहिले आहेत.

तर करायचं काय : पायऱ्यांमागच्या मोकळ्या जागा फळी लावून बंद करा. घोटा कोणीतरी धरेल ही भीती तिथूनच येते. कठड्याच्या खाली मुलीच्या हाताच्या उंचीवर, साधारण ६० सेंटीमीटरवर, दुसरा दांडा लावा. वर आणि खाली दोन्हीकडून चालू-बंद होणारा टू-वे स्विच घ्या आणि तोही तिचा हात पोहोचेल असा. दिवा डोळ्यांवर येणारा नको, पायऱ्यांवर पडणारा हवा, म्हणजे वळणावर सावल्या पडत नाहीत. आणि फर्नेस एकदा दिवसाउजेडी तिला दाखवा, सुरू होताना जवळ उभं राहून आवाज ऐकू द्या.

वाटसरू_टोरांटो

फळीचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता तिला विचारलं, जिन्यात भीती कशाची वाटते? म्हणाली, “मधून.” शनिवारी फळ्या आणतेय. दांडा लाकडी घ्यावा की स्टीलचा?

गवंडीकाम

लाकडी. तुमच्याकडच्या थंडीत स्टील हाताला गार लागेल, मग ती धरणार नाही. जाडी तिच्या मुठीत मावेल एवढीच, तीन सेंटीमीटरच्या आसपास. आणि दांडा शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत न्या, मुलं शेवटच्या पायरीवरच हात सोडून पळतात.